बाळापूरच्या डाकबंगल्यातला पंखा

अमरावती,
२६ मे १९५९

ती. अक्कास,

मोरूचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे उन्हात होरपळत का होईना, पण धडधाकट आहोत. तुझा गुडघा कसा आहे? शाळेला सुट्टी लागली तरी तू शाळेतच जाऊन बसतेस असं कळलं. हेडमास्तरणीला घर नसतं की काय? चारुशीलेने तुझ्यासाठी सांडगे करून ठेवलेत, कोणी अकोल्याला जाणारं भेटलं की पाठवते.

सरकारने मला वीज लवाद नेमलं तेव्हा तू लिहिलं होतंस, 'घरातला फ्यूज उडाला तर शेजाऱ्याला हाक मारणारा माणूस विजेचा न्याय काय करणार?' ते मी विसरलेलो नाही हं. पण आता तुझा भाऊ तयार झालाय. तुला समजावं म्हणून सांगतो. ज्या गावांना कंपनी वीज पुरवते तिथल्या लोकांच्या तक्रारी असतात. दिवा मिणमिणतो, कनेक्शन तोडलं, अर्ज देऊन वर्ष झालं तरी खांब नाही. लोकांचं आणि कंपनीचं दोघांचं ऐकून घ्यायचं आणि निकाल द्यायचा. तो कंपनीवर बंधनकारक. तीस वर्षं न्यायाधीश म्हणून शेताच्या धुऱ्याबांधांचे आणि विहिरींचे दावे चालवले, ती भांडणं निदान डोळ्यांना दिसत तरी होती.

मागच्या आठवड्यात चार दिवस बाळापूरला बैठक होती. डाकबंगल्याच्या मोठ्या खोलीत मी, कारकून, कंपनीचे वकील वामनराव आणि बाहेर व्हरांड्यात अर्धं गाव. खुशालराव नावाचे एक पाटील साक्षीला उभे राहिले. त्यांना विचारलं, वीज कमी दाबाने येते म्हणजे नेमकं काय होतं? तर म्हणाले, "साहेब, बल्ब लागला का नाई हे पाहाले कंदील घ्या लागते." मी हे वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. कारकून पुण्याकडचा, त्याला घाम फुटला.

तिसऱ्या दिवशी तर फारच गंमत झाली. दुपारची वेळ, बाहेर झळा, आणि ऐन उलटतपासणीत डोक्यावरचा पंखा बंद पडला. दहा मिनिटं वाट पाहिली, मग मी वामनरावांना म्हटलं, "खुद्द वीज लवादासमोरच वीज नाही, तर तक्रारदारांचा पुरावा पुरा झाला असं समजू का?" सगळा व्हरांडा हसला. वामनराव बिचारे उठून उभेच राहिले. कंपनीचा शिपाई धोतर सावरत पळाला आणि थोड्याच वेळात पंखा सुरू! आयुष्यभर न्यायाधीशी केली, पण माझ्या एका शब्दाने असं काही फिरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाळापुरात त्या दिवशी एक वाईट घटनाही झाली. कंपनीचा एक लाइनमन, सूर्यभान म्हणून, पातूर रस्त्यावरच्या खांबावर काम करताना विजेचा धक्का लागून गेला. बत्तीस वर्षांचा होता. त्याची चौकशी व्हायची होती, तर कलेक्टरसाहेबांनी ती माझ्याच गळ्यात घातली. म्हणाले, तुम्ही तिथे होताच, विषयही तुमचाच. मी नको नको म्हणत होतो, पण त्यांच्यापुढे इलाज चालला नाही.

आंबे यंदा बेताचेच आहेत. तू इकडे ये ना चार दिवस.

तुझा,
मोरू


अमरावती,
१४ डिसेंबर १९५९

ती. अक्कास सा. नमस्कार.

दिवाळीचं पत्र पाठवलं, त्याला उत्तर नाही. त्याआधीच्या दोन्हींना नाही. भाऊबीजेला तू येणार नाहीस हे मला हरिहरकडून कळावं, याचं वाईट वाटलं. हरिहर माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि आपल्या घरी वाढलेला, हे खरं. पण या प्रकरणात तो त्या लाइनमनच्या बायकोचा वकील होता. तो तुला एकच बाजू सांगणार. तेव्हा दुसरी मीच सांगतो.

नियम असा आहे. खांबावर चढण्याआधी लाइनमनने खटकाघरात जायचं, तिथल्या माणसाकडून लाइन बंद करून घ्यायची आणि परवानगीच्या वहीत सही करायची. उतरल्यावर पुन्हा सही, मगच लाइन सुरू. सूर्यभानची त्या दिवशी वहीत सही नाही. संपली गोष्ट.

हरिहरचं म्हणणं, वहीत कोणीच वेळच्या वेळी सही करत नाही, महिन्याअखेरी एका बैठकीत सगळ्या सह्या होतात. खरी रीत वेगळीच आहे म्हणे. खांबावर जाणारा आपल्या डोक्यावरची टोपी काढून खटक्याच्या दांड्यावर अडकवतो. दुसऱ्याच्या टोपीला हात लावायचा नाही हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून ज्याची टोपी त्याने येऊन काढेपर्यंत खटक्याला कोणी शिवत नाही. सूर्यभानची टोपी त्या दिवशी दांड्यावर होती, असं त्यांचं म्हणणं.

खटकाघरातला माणूस देवीदास. त्याने शपथेवर सांगितलं, टोपी नव्हती. सूर्यभान न सांगता चढला, वीज मध्येच बंद पडली ती दुसऱ्या बिघाडाने, आणि बिघाड दुरुस्त झाल्यावर आपण लाइन सुरू केली. आता सांग, एकीकडे छापील नियम, वही आणि शपथेवरची साक्ष, दुसरीकडे टोपीची गोष्ट. न्यायाधीशाने काय धरायचं?

त्याची बायको मैनाबाई साक्षीला आली होती. तिला विचारलं, नवरा सकाळी किती वाजता घरून निघाला? तर उत्तर द्यायचं सोडून मलाच विचारते, "माह्या माणसाची टोपी कुठी हाय? सकायी घालून गेलता. आनला तवा डोकं उघडं होतं. खांबाखाली बी नाई सापडली. कुठी गेली थे सांगा मले." मी कारकुनाला सांगितलं, हा जबाब नव्हे, हा प्रश्न आहे, लिहू नका. साक्षीदाराने प्रश्न विचारायचा नसतो. यात माझं काय चुकलं? उद्या सगळेच साक्षीदार न्यायाधीशाला प्रश्न विचारू लागले तर कामकाज कसं चालेल?

हरिहरनेही देवीदासला एक प्रश्न विचारला होता, तो मी विषयाला सोडून आहे म्हणून नाकारला. तो काय होता ते इथे लिहीत बसत नाही.

बाळापूरच्या डाकबंगल्यातच बसून निकाल असा दिला की, मयत स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला, कंपनीकडे दोष नाही. त्यामुळे मैनाबाईला भरपाई मिळाली नाही आणि कंपनीची खोली सोडावी लागली, हे मला माहीत आहे. मला आनंद झाला असं वाटतं का तुला? आणि आता कळतं की ती अकोल्याला आली आणि तू तिला शाळेत पाणी भरायला ठेवलंस. अक्का, जठारपेठेत कामाला बाया मिळेनाशा झाल्या का? नेमकी तीच सापडली तुला? लोक काय म्हणत असतील याचा विचार तरी करायचा होतास.

चारुशीला नमस्कार सांगते.

आपला,
मोरोपंत


अमरावती,
८ सप्टेंबर १९६०

ती. अक्का,

तुझं कार्ड मिळालं. सव्वा वर्षात पहिलंच. त्यावर पत्ता सोडून एकच ओळ: 'मैनाबाई विचारते, तुमच्या भावाच्या डोक्यावरचा पंखा किती वाजता सुरू झाला?'

कार्ड चारुशीलेने वाचून माझ्या हातात दिलं. मी दोन दिवस ते टेबलावर पालथं घालून ठेवलं होतं.

तीन वाजता सुरू झाला.

हाच प्रश्न हरिहरने देवीदासला विचारला होता. 'डाकबंगल्यातली वीज किती वाजता परत आली?' मी नाकारलेला प्रश्न तो हाच. त्या वेळी वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं, कारकुनाने पाहिलं, आणि मग सगळे आपापल्या कागदांत पाहू लागले.

मी रोजनामा स्वतःच्या हाताने लिहितो हे तुला माहीत आहे. कारकुनाच्या अक्षराचा मला राग येतो. त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: '२-३५ वीज बंद. ३-०० वीज सुरू, काम पुढे चालू.' आणि चौकशीच्या कागदांत खांबाखाली उभ्या असलेल्या जानराव नावाच्या माणसाचा जबाब आहे: पातूरची तीनची मोटार नुकतीच गेली, आणि वर सूर्यभान ताठ झाला. हे दोन्ही कागद सहा महिने माझ्या एकाच टेबलावर होते. डाकबंगला पातूर रस्त्याच्याच लाइनीवर आहे. रस्त्यावर तार लोंबत होती ती बांधायला सूर्यभान चढला होता, आणि त्यासाठीच लाइन बंद केलेली होती. माझा पंखा त्याच्यासाठी बंद झाला होता, अक्का. मी तो गंमत करून सुरू करायला लावला.

तुला वाटेल, पुढे केव्हातरी हे माझ्या लक्षात आलं असेल. तसं नाही. त्याच संध्याकाळी लक्षात आलं. डाकबंगल्याचा खानसामा नत्थुजी चहा घेऊन आला आणि सहज म्हणाला, "इकडं साहेबाचा पंखा लागला अन् तिकडं सूर्यभान गेला." त्याच्या मनात काही नव्हतं, वेळ कशी असते तेवढंच तो सांगत होता. मी त्याला म्हटलं, चहा थंड आहे, दुसरा आण. चहा चांगला कढत होता.

आणि दुसरं खोटं. चौकशी कलेक्टरांनी माझ्या गळ्यात घातली असं मी तुला लिहिलं. ती मी मागून घेतली. बैठक संपताच अकोल्याला जाऊन भेटलो आणि म्हणालो, मी तिथे होतोच, मीच करतो, सरकारचा एक फेरा वाचेल. ते खूश झाले. दुसरा कोणी अधिकारी आला असता तर पहिला जबाब त्याने माझाच घेतला असता. तो घेतला जाऊ नये म्हणून मी त्याच्या खुर्चीवर जाऊन बसलो. तुझ्या घरावरून त्या दिवशी टांगा गेला. मी आत आलो नाही, ते यासाठी. तू तोंड पाहून ओळखलं असतंस.

तुझ्या कार्डानंतर मी बाळापूरला जाऊन आलो. कोणाला न कळवता, मोटारीने. देवीदास खटकाघरातच होता. मला पाहून त्याने हात जोडले नाहीत, स्टूल पुढे केलं नाही. मी म्हटलं, मी आज लवाद म्हणून आलेलो नाही, काय झालं ते सांग. तो एकदम बोलायला लागला.

"शिपाई पयत आला. म्हणे, लवादसाहेब तापले हायेत, भर सभेत कंपनीची इज्जत काढून राहिले, लवकर लाइन सोड. मी म्हटलं, दांड्यावर टोपी हाय, सूर्यभान वर हाय. तो म्हणे, साहेब मोठा का टोपी मोठी? मी थांबलो, साहेब. खोटं नाई सांगत. दहा मिनिटं थांबलो. मले वाटलं, एक तार बांधाले कितीक वेळ लागते? उतरला असंन, टोपी घ्याले येऊनच राहिला असंन. शिपाई दारात उभा राहून घाई करे. मंग मी टोपी उचलली."

मी विचारलं, टोपी कुठे आहे? म्हणाला, "खिशात घालून घरी नेली. बायकोनं चुलीत घातली. म्हणे, मेल्या मानसाची टोपी घरात नोको."

मग त्याने मला विचारलं, "आता मले जेल होईन का?" मी म्हटलं, खोटी साक्ष दिलीस त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. त्यावर तो हसला, अक्का. म्हणाला, "साक्ष देताना मी तुमच्याच तोंडाकडं पाहून राहिलो होतो साहेब. तुमी एकडाव जरी म्हटलं असतं ना, देवीदास, खरं सांग, तर मी सांगून देलं असतं. तुमी म्हटलंच नाई."

तो माणूस खरं बोलला. मला आठवतं, साक्ष चालू असताना मी खाली मान घालून लिहीत होतो. लिहिण्यासारखं काहीही नव्हतं.

परतीच्या मोटारीत बसलो तेव्हा वाटलं होतं, आता मन हलकं होईल. काही झालं नाही. शेजारचा माणूस मला ओळखून आपल्या गावात वीज केव्हा येईल ते विचारत होता, आणि मी त्याला नेहमीसारखी उत्तरं देत होतो. माझं सगळं आयुष्य असंच गेलं की काय, अशी भीती वाटली. आपण फार कडक आणि फार चोख, असं मी समजत होतो. भित्रा होतो. तुला हे लहानपणीच कळलं असेल, पण तू कधी म्हणाली नाहीस.

आज सरकारला अर्ज टाकला. कचेरीतले छापील कागद अजून मुंबई राज्याचेच आहेत, त्यावरच महाराष्ट्र लिहून पाठवला. माझा निकाल रद्द करावा, कारण चौकशी करणारा स्वतःच घटनेत गुंतलेला होता, असं स्पष्ट लिहिलं. रोजनाम्याच्या त्या पानाची नक्कल जोडली. लवादपदाचा राजीनामाही दिला. मैनाबाईला तिच्या हक्काचं मिळावं असं लिहिलं आहे, पण आपल्या कचेऱ्या मला माहीत आहेत. अर्जाला नंबर पडेल आणि तो एखाद्या कपाटात जाईल. एक नक्कल हरिहरला पाठवली आहे. तो काय करायचं ते करील. त्याला सोबत चार ओळी लिहाव्या असं वाटत होतं, सुचल्या नाहीत.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. मैनाबाईला वाचता येत नाही. हे पत्र तिला वाचून दाखव, एकही शब्द न गाळता, माझ्या भित्रेपणाचासुद्धा. मी स्वतः यायला हवं होतं. जठारपेठेत येऊन तिच्यासमोर उभं राहण्याचं धैर्य मला नाही, हे लिहायला मात्र आता लाज वाटत नाही, कारण लाज वाटण्यासारखं याहून पुष्कळ वर लिहून झालं आहे. तिला सांग, सूर्यभानने रीतीप्रमाणे लाइन बंद करून घेतली होती. त्याची कोणतीही चूक नव्हती. त्याला मी मारलं.

ती जे म्हणेल ते मला कळव. मला बरं वाटावं म्हणून त्यात बदल करू नकोस.

मोरू


जठारपेठ, अकोला,
१५ सप्टेंबर १९६०

चि. मोरोपंत यास आशीर्वाद.

काल शाळा सुटल्यावर पत्र वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. बस म्हटलं तरी मैनाबाई बसली नाही, घागर कडेवर घेऊन उभ्यानेच ऐकत होती. सूर्यभानची चूक नव्हती हे वाक्य तिने तीनदा वाचायला लावलं. रडली नाही. मीच रडले, तर मला म्हणाली, "तुमी काहून रडता बाई, तुमी कुठी होत्या तिथी."

मग ती जे बोलली ते लिहिते, तिच्याच शब्दांत.

"हे मले काहून सांगून राहिले? मले माहीत हाय. बाळापुरात साऱ्याइले माहीत हाय. पन बोललं कोनी? कागदावर माह्याच मानसाची चुकी हाय. माहा भासरा लोकाइले सांगते का सूर्यभान दारू पिऊन चढला होता. सरकारी निकालच तसा हाय, मंग मी कोनाचं तोंड धरू? तुमच्या भावाले म्हना, घरी बसून कागद नोका लिवू. जिथी बसून निकाल देला तिथी या, अन् साऱ्याइच्या समोर तोंडानं बोला. मी पाहाले येईन."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळच्या मोटारीने मी तिला घेऊन बाळापूरला जाते आहे. हरिहर गावातली मंडळी डाकबंगल्यावर जमवतो आहे. तिचा भासरा, म्हणजे मोठा दीर, तोही येणार. तू येशील असं मी तिला सांगून टाकलं आहे. तुला विचारलं नाही.

त्याआधी माझ्या घरी येऊ नकोस.

अनसूया